माहितीपट कंटाळवाणे? मला नाही पटलं

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की माहितीपट म्हणजे शाळेत सक्तीने दाखवतात तसला प्रकार, वेळ काढून कोण बघणार. मला हे अजिबात पटलं नाही.

शौनक सेनचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) हा माहितीपट बघा. दिल्लीतले नदीम आणि सौद हे दोघे भाऊ जखमी घारींवर घरच्या तळघरात उपचार करतात. सुरुवातीलाच रात्रीच्या मैदानात उंदरांची झुंबड दिसते, कॅमेरा जमिनीलगत हळूहळू सरकत राहतो. घारींसाठी खिमा करायचं मशीन, त्यांचा मदतनीस सालिकच्या शर्टाच्या खिशातून निघणारी खार... निवेदक मध्ये मध्ये बोलून काही समजावत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. तो बघितल्यापासून ठाण्यातल्या उपवन तलावावर फिरायला गेले की माझी मान आपोआप वर जाते. घारी आधीही होत्याच, मी बघत नव्हते.

आता माहितीपट सोडून एका कथापटाबद्दल. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला (२०२४) कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला, त्यावर इथे भरपूर लिहून झालंय. पण छाया कदमच्या पार्वतीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? नवरा गेलेला, राहत्या घराचे कागद नाहीत, बिल्डर उठवायला टपलेला. ती बिल्डरच्या होर्डिंगवर दगड भिरकावते तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. आमच्या नौपाड्यात पुनर्विकासाच्या मीटिंगांत कागद नसलेल्या भाडेकरू बायका मागच्या खुर्च्यांवर गप्प बसलेल्या मी पाहिल्यात. छाया कदमने त्या गप्प बसण्यातली चीड बरोब्बर पकडलीय.