नेपाळच्या मिशन ट्रिपवरची ती पोस्ट: हे काय शिकून आलात?

मिरजेची_सिस्टर
सकाळपासून तिसऱ्यांदा कुणीतरी ती पोस्ट फॉरवर्ड केली म्हणून आता लिहितेच. पुण्यातल्या एका चर्चच्या तरुण संघातल्या मुलानं पहिल्या परदेशी मिशन ट्रिपमध्ये आपण काय शिकलो ते लिहिलंय. थोडक्यात असं की नेपाळी लोकांकडे काहीच नाही तरी किती आनंदी असतात, प्रेमाला भाषा लागत नाही, आम्ही शाळा रंगवून दिली, आणि शेवटच्या संध्याकाळी अकरा जणांनी हात वर करून प्रभूला स्वीकारलं. खाली फोटो, गावाचं नाव, पाळकांचं म्हणजे तिथल्या पास्टरचं नाव, अनाथाश्रमातली पोरं मांडीवर. आणि त्यावर आमेन आमेनची रांग.

मी मिरजेला नर्सिंग करून पुढे पाल्पा जिल्ह्यात बरीच वर्षं नोकरी केली. असे जथ्थे येताना पाहिलेत आणि गेल्यावर मागे काय उरतं तेही पाहिलंय.

आधी ते हात वर केलेले लोक. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६(३) आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत कलम १५८, पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड, परदेशी असेल तर शिक्षा भोगून देशाबाहेर. तुम्ही सोनौलीची कमान ओलांडून गोरखपूरला गाडीत बसलात, तो पाळक तिथेच आहे बाबांनो. त्याच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच गावाच्या नावासकट टाकलाय.

मग ते "काहीच नाही तरी आनंदी". अहो पाहुणा आला की आपणही हसतोच. मी जिच्याकडे भाड्यानं राहायचे त्या बाईकडे एकदा अशीच टीम उतरली. तिनं उधारीवर खसी आणली, म्हणजे बोकड, स्वतःची खोली पाहुण्यांना दिली आणि पोरं घेऊन चुलीपाशी झोपली. पहाटे चारला उठून दालभात. आपली मंडळी मला म्हणतात, सिस्टर, यांना सांगा ना रोज भात जात नाही, आणि पिशवीतून फरसाण नि शेंगदाण्याची चटणी काढून बसली. बाई हसतच होती. टीम गेल्यावर उधारी फेडायला तिनं कोंबड्या विकल्या, ते चर्चमध्ये दिलेल्या कुणाच्या साक्षीत आलं नाही.

आणि अनाथाश्रमाबद्दल तर युनिसेफ किती वर्षं सांगतंय की नेपाळच्या अशा घरांतल्या बहुतेक मुलांची आई नाहीतर बाप हयात आहे. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून डोंगरातून पोरं आणली जातात. त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढणं ही सेवा कशी काय झाली?

अजून बरंच आहे. एवढंच सांगा, तिथल्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, तुम्हाला बोलावलं होतं, की तुम्हाला जायचं होतं म्हणून त्यांनी हो म्हटलं?

तरुण_संघ_पुणे
ती पोस्ट माझी आहे. मला सरळ मेसेज केला असता तर चाललं असतं मावशी, चारचौघांत काढायची गरज नव्हती. फोटो आणि गावाचं नाव काढून टाकलंय, आता झोप लागेल सगळ्यांना.

मी डिलिव्हरीचं काम करतो. गाडीच्या हप्त्यातून वाचवून गेलो, चर्चचा एक रुपया घेतला नाही. आमच्यातला एक मुलगा गुटखा सोडत नव्हता, आई रडायची, तिथून आल्यापासून सुटलाय. हे तुमच्या कलमात कुठे बसतं? आणि चुकलं तेही आम्ही आपापसात बोललोच आहोत, रविवारी मोठा कार्यक्रम ठेवला आणि कुणीच आलं नाही, मग कळलं तिथे सुट्टी शनिवारी म्हणून उपासना पण शनिवारीच, रविवारी सगळे कामावर. माणूस गेल्याशिवाय शिकत नाही.

मिरजेची_सिस्टर
@तरुण_संघ_पुणे ते एका फोनवर कळलं असतं राजा. गुटखा सुटला ते फार चांगलं झालं, मनापासून. पण पुण्यातल्या पोराचा गुटखा सुटावा म्हणून पाल्प्यातल्या बाईनं बोकड कापायचा का?

नास्तिक_नाशिक
म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन कायदा मोडला आणि वाद काय तर फोटो टाकावा की नाही. २०१८ ला तो अमेरिकन तरुण अंदमानात सेंटिनेली लोकांच्या बेटावर धर्मप्रचाराला गेला आणि जीव गमावून बसला, त्यातून कुणी काही शिकलेलं दिसत नाही.

मिरजेची_सिस्टर
@नास्तिक_नाशिक कायदा चांगलाय असं मी कुठे म्हटलं? राजाच्या पंचायत राजवटीत बाप्तिस्मा घेतला म्हणून लोकांनी तुरुंग भोगलाय तिथे. २०२१ च्या जनगणनेत पावणेदोन टक्के ख्रिस्ती, आणि काठमांडूत मेलं तर पुरायचं कुठे हा प्रश्न. पशुपतीच्या श्लेष्मान्तक जंगलात पुरायचे ते २०११ ला बंद केलं. मंडळ्या चोरून, लांब नेऊन माती देतात. आपल्या एका तरी टीमनं तिथल्या पाळकाला विचारलं का की मयत झालं तर तुम्ही काय करता? नाही, आपण स्किट बसवून नेतो.

कंपाउंडवाला_नगर
सिस्टर शंभर टक्के बरोबर. मिशनरी कसा असावा ते आमच्या नगरला विचारा. गॉर्डन हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना हाकलायला बसलं होतं, तरी हॉल राहिला. मराठी शिकला, नव्या कराराच्या भाषांतराला बसला, १८२६ ला दौऱ्यावर असताना पटकीनं गेला. सिंथिया फरार नावाच्या बाई १८२७ ला आल्या, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीरावांनी त्या शाळा पाहिल्या, आणि १८६२ ला बाई नगरमध्येच वारल्या. रिटर्न तिकीट नव्हतं कुणाकडे.

आणि त्यांनी लोकांच्या पैशातून घेतलेल्या जमिनींचं आज काय झालंय ते बघा. मिशन कंपाउंडात एकेका बंगल्यामागे बिल्डर उभा आहे. नेपाळला शाळा रंगवायला जाणाऱ्यांनी आपल्या शाळेची कौलं किती पडलीत ते मोजलंय का?

वसईकर
प्रॉटेस्टंट मंडळी १८१३ च्या अलीकडे काही झालंच नाही अशी का बोलतात? मराठी मुलखातून परदेशी मिशनवर गेलेला माणूस हवा असेल तर आमचा वसईचा गोन्सालो गार्सिया घ्या. लहान वयात जेज्वीट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, जपानी शिकला, मध्ये व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू (ब्रदर) झाला, १५९३ ला परत जपानला गेला तो दुभाषा म्हणून, कारण बरोबरच्या फादर लोकांना भाषा येत नव्हती. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रूसावर मारला. १८६२ ला संतपद. "प्रेमाला भाषा लागत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा बघावं, त्याला नेलाच होता भाषेसाठी.

कंपाउंडवाला_नगर
@वसईकर संत तुमचे तुम्हाला लखलाभ, पण तुमच्याकडे जमीन बिशपच्या नावावर सुरक्षित, आमच्याकडे ट्रस्टी मंडळी. फरक आहे.

वसईकर
सुरक्षित?? वसईत येऊन बघा एकदा. वाड्या गेल्या, विहिरी बुजवल्या, केळीच्या बागांवर टॉवर आले. आणि ते बिशपनं विकलं नाही, आमच्याच माणसांनी सातबारावर सह्या केल्या. तुम्ही निदान ट्रस्टींना शिव्या देऊ शकता.

कंपाउंडवाला_नगर
शिव्या देऊनच दमलोय. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही, सार्वजनिक ट्रस्ट कायद्याचं कलम ३६ आहे. मग हे काय करतात, विकत नाहीत, "डेव्हलपमेंट" करतात. माझे आजोबा ज्या बोर्डिंगात शिकले तिथे आता पार्किंग आहे. आम्ही सात जण हरकत घेऊन उभे, त्यातले दोघे वारले, एकाला गप्प केला. तरुण संघाला बोलावलं तर म्हणाले अंकल आमची वर्शिप नाईट आहे.

तरुण_संघ_पुणे
यात माझा काय संबंध काका? मी पुण्याचा आहे.

कंपाउंडवाला_नगर
@तरुण_संघ_पुणे पुण्यात काय वेगळं चाललंय? काठमांडू लांब नाही आणि नगर लांब पडतं होय!

डॅलसवाली
जमिनीचं थांबवा हो दोन मिनिटं. इथे टेक्सासमध्ये आमच्या चर्चमधून दर उन्हाळ्यात टीमा जातात, एकसारखे टीशर्ट घालून, त्यामुळे सिस्टरांचं वाचून हसू आलं. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अशा टीमांनी घरं बांधली, त्यावर कॅल्विन कॉलेजच्या कर्ट व्हर बीक यांचा अभ्यास आहे. तिकिटंबिकिटं धरून टीमनं बांधलेलं घर पडलं साधारण ३०,००० डॉलरला, तेच तिथल्या संस्थेनं बांधलं तर २,००० डॉलर. आणि जाऊन आलेल्यांचं आयुष्य बदलतं म्हणतात, तर पुढे त्यांच्या देणगीत वगैरे फारसा फरक सापडला नाही.

पण एक सांगते. मी लहान असताना आमच्या सोलापूरकडच्या मंडळीत गोरे पाहुणे यायचे, आम्हाला ओळीत उभं करून गाणं म्हणायला लावायचे आणि फुगे वाटायचे. मला ते फुगे आवडायचे. आता राग येतो, तेव्हा नाही आला. म्हणून त्या पोरावर एवढं तुटून पडू नका.

नास्तिक_नाशिक
फुग्यांवर देश घेतले लोकांनी.

डॅलसवाली
@नास्तिक_नाशिक तुम्ही असल्या ओळी घरी पण टाकता का, की घरचे ऐकून घेत नाहीत म्हणून इथे येता?

पत्रेवाला
मी फॅब्रिकेशनवाला आहे, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. माझी पहिली ट्रिप भूकंपानंतरची. २५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. शनिवार म्हणून शाळा बंद होत्या, मुलं वाचली असं सगळे म्हणायचे, पण शनिवार म्हणूनच आपले लोक उपासनेत छताखाली होते. काही ठिकाणी मंडळीच्या मंडळी गाडली गेली. हे मला तिथे गेल्यावर कळलं, इथे कुणी बोललं नव्हतं.

आम्ही गेलो तोवर दिवाळी आलेली. आमच्याकडे वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल. सुवार्ता सांगणं वगैरे काही नाही, तिथल्या पाळकानं सांगितलं तोंड बंद ठेवा आणि पत्रे मारा. तेव्हा सीमेवर नाकाबंदी चालू होती, सप्टेंबरपासून पेट्रोल गॅस अडकलेलं, आणि सगळा राग इंडियावर. आम्ही हिंदी बोललो की दुकानदार तोंड फिरवायचा. एक म्हातारा माझ्या हातातला पत्रा धरून म्हणाला, गॅस बंद करता आणि पत्रे वाटता? काय उत्तर देणार. मी खाली बघून होल पाडत राहिलो. आपण तिथे गरीब भाऊ म्हणून नाही जात, दादा म्हणून जातो, ते तिकडे सगळ्यांना माहीत असतं, आपल्यालाच नसतं.

पण सिस्टर, तुमचं "जाऊच नका" मला पटत नाही. तिथली जवान पोरं निम्मी कतारला नाहीतर मलेशियाला, गावात वेल्डर नव्हता. गेलो नसतो तर त्यांचा हिवाळा ताडपत्रीखाली गेला असता.

मिरजेची_सिस्टर
@पत्रेवाला दादा, "जाऊच नका" मी लिहिलेलं नाही, परत वाचा. तुम्हाला त्यांनी काम सांगितलं आणि तुम्ही तोंड बंद ठेवलंत. शाळा रंगवणं तसं आहे का? त्या गावात रंगारी होता की, तो कडेला उभा राहून आपल्या पोरांचे ओघळलेले हात बघत होता. बरं, तुमच्यापुरतं मान्य. वेल्डर चालेल. गिटारवाले नकोत.

तरुण_संघ_पुणे
गिटारवाला मीच आहे, धन्यवाद. आणि तिथल्या तरुणांनी पहिल्या दिवशी गिटारच मागितली, मादल, म्हणजे त्यांचा ढोल, त्यांच्याकडे होता, आम्ही एकत्र भजनं म्हटली. सगळ्या गोष्टी सिस्टरांना विचारून करायच्या का?

वसईकर
पोराचा मुद्दा आहे हा. सिस्टर गप्प?

मिरजेची_सिस्टर
गप्प नाही, ड्यूटीवर होते. भजनं म्हटलीत ना, मग पोस्टमध्ये ते का नाही आलं? आले ते अकरा हात आणि भिंत.

तरुण_संघ_पुणे
कारण वर्गणी देणाऱ्यांना भिंतच दिसते मावशी. मी माझ्या पैशानं गेलो पण बाकीच्यांना लोकांनी पैसे दिलेत, परत आल्यावर प्रत्येक जण विचारतो किती आत्मे प्रभूकडे आले. भजन म्हटलं असं सांगितलं तर पुढच्या वर्षी कोण देणार?

डॅलसवाली
हे मात्र इथल्या माझ्या चर्चला शब्दशः लागू.

नास्तिक_नाशिक
अखेर कुणीतरी खरं बोललं. पोराबद्दल आदर वाढला, धर्माबद्दल नाही.

मिरजेची_सिस्टर
@तरुण_संघ_पुणे हं. मग राग माझा तुझ्यावर कमी आणि वर्गणी देणाऱ्या मोठ्या माणसांवर जास्त असायला हवा, ठीक. परत जाणार आहेस का?

तरुण_संघ_पुणे
दसऱ्यानंतर ठरतंय. पाळकांना काल फोन केला, मुद्दाम विचारलं की खरं सांगा, आम्ही यावं का, काही त्रास होतो का. म्हणाले या, जरूर या, आम्हाला आनंद होईल. घ्या, आता बोला.

मिरजेची_सिस्टर
ते तसंच म्हणणार. त्यांच्या बायकोला विचार.

पत्रेवाला
हा हा. बरोबर आहे सिस्टरांचं. आणि विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड घ्या, आधार चालत नाही, आमचा एक जण मुंबई एअरपोर्टवरून घरी गेला.

कंपाउंडवाला_नगर
जमिनीवर कुणी बोलेना झालं. येत्या बुधवारी धर्मादाय कार्यालयात आमची तारीख आहे, सकाळी अकरा. निदान वीस-पंचवीस तोंडं दिसली पाहिजेत, समोरची पार्टी दोन गाड्या भरून माणसं आणते. पुण्यातून येणाऱ्यांची जेवणाची सोय माझ्याकडे. तरुण संघानं नाव कळवावं.

तरुण_संघ_पुणे
काका बुधवारी शिफ्ट आहे. प्रार्थना करतो.