मदत हवी आहे: पीओआय, एफटीई, वेव्हर, आर-वन… एमएसच्या ग्रुपवरची भाषा कळेना

सोयाबीन_पट्टा

नमस्कार मंडळी. परभणीच्या कृषी विद्यापीठातून चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स कृषी, ओजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी श्रेणी) ७.९४. पुढच्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्टात सुरू होणाऱ्या सत्रासाठी, अमेरिकेत मृदाशास्त्रात एमएससाठी फॉर्म भरायलोय. विषय कळतो, पण ग्रुपवर लोक काय लिहितात ते उमगत नाही. जशाच्या तशा तीन ओळी देतो:

"पीओआय पॉझिटिव्ह, डीजीएसला सीसी केलं. ०.५ एफटीई, टीडब्ल्यू, फीज वेगळी."

"दोन डब्ल्यूएल, एक रेज. १५ एप्रिलपर्यंत थांबतोय."

"आर-वनमध्येच टाका." आणि त्याच धाग्यात खाली, "आर-टूची डेडलाइन जानेवारीत आहे, घाई नको."

शिवाय फॉर्ममध्ये शिफारसपत्राच्या पानावर विचारलंय की तुम्ही तुमचा हक्क 'वेव्ह' करता का. आता यात माझं काही नुकसान तर नाही ना? जीपीए ४ पैकी मागतात, माझा १० पैकी आहे. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

गोदाकाठ

पहिली ओळ आधी घेऊ, कारण तुमचं सगळं गणित तिच्यातच आहे.

पीओआय म्हणजे पर्सन ऑफ इंटरेस्ट. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायची इच्छा आहे, ते. पीआय म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, ज्यांच्या नावावर संशोधन प्रकल्पाचा पैसा आलेला असतो. काही विषयांत या दोन्हींत अंतर पडतं. कृषीत बहुतेक वेळा माणूस एकच, कारण थीसिस करणाऱ्या एमएसवाल्याचा पगार पीआयच्या प्रकल्पातूनच निघतो. म्हणून समितीला तुमचा अर्ज कितीही आवडला, तरी पैसा असलेला एकही पीआय तुम्हाला घ्यायला तयार नसेल तर अर्ज तिथंच अडकतो. फॉर्मची फी भरण्याआधी मेल लिहायचं ते यासाठी. 'तुमचे चान्सेस अमुक टक्के' असं सांगणारे लोक हे धरतच नाहीत, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.

डीजीएस म्हणजे डायरेक्टर ऑफ ग्रॅज्युएट स्टडीज, विभागातलेच एक प्राध्यापक. कागदपत्रं आणि तारखांचे प्रश्न मात्र ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला विचारा. तो कार्यालयातला माणूस असतो आणि उत्तर लवकर देतो.

एफटीई म्हणजे फुल टाइम इक्विव्हॅलंट. पूर्ण नोकरी आठवड्याला ४० तासांची धरली की ०.५ म्हणजे २० तास. काही पत्रांत हेच '५० टक्के अपॉइंटमेंट' म्हणून येतं, ते वाचून अर्धाच पगार मिळणार असं समजू नका. पत्रातला आकडा त्या २० तासांचाच असतो. एफ-वन व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर कामाची मर्यादाही २० तासांचीच आहे. काम आरए असेल तर संशोधनाचं, टीए असेल तर शिकवण्याचं. जीए हे दोन्हींना पोटात घेणारं नाव.

आकडा वाचताना एक गोष्ट तपासा: तो ९ महिन्यांचा आहे की १२? महिना २,००० डॉलर धरले तर ९ महिन्यांचे १८,००० आणि १२ चे २४,०००. मधल्या ६,००० मध्ये उन्हाळ्याचं घरभाडं असतं. टीडब्ल्यू म्हणजे ट्यूशन वेव्हर, शिकवणी शुल्क माफ. 'फीज' त्यात धरलेली नसते: विद्यार्थी शुल्क, तंत्रज्ञान शुल्क, कुठं आरोग्य विमाही. ही रक्कम सत्राला किती आणि ती कोण भरणार, हे होकार देण्याआधी लेखी विचारा.

काळी_रेगडी

'वेव्हर' या एका शब्दानं पोरं फार गोंधळतात. चार वेगळ्या गोष्टींना तोच शब्द आहे.

ट्यूशन वेव्हर वर आलाच. जीआरई वेव्हर म्हणजे जीआरई या प्रवेश परीक्षेतून सूट. मात्र 'नॉट रिक्वायर्ड' असेल तिथं सूट मागायची गरज नाही, आणि 'नॉट अ‍ॅक्सेप्टेड' असेल तिथं गुण पाठवले तरी पाहत नाहीत. ॲप्लिकेशन फी वेव्हर म्हणजे अर्जाची फी माफ. तो फॉर्म सबमिट करण्याआधीच मागावा लागतो, भरलेली फी परत मिळत नाही.

चौथा तुमचा प्रश्न. अमेरिकेत १९७४ चा फेर्पा नावाचा कायदा आहे. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची फाइल पाहायचा हक्क त्यानं दिला, त्यात शिफारसपत्रंही आली. 'वेव्ह करतो' म्हणजे ही पत्रं मी पुढं कधी उघडून मागणार नाही. नुकसान काही नाही, 'हो' वर टिक करा. 'नाही' म्हटलं म्हणून अर्ज बाद होत नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की पत्र विद्यार्थ्याला दिसेल या हिशेबानं सरांनी हात राखून लिहिलं असावं. एकदा सरांना लिंक गेली की बऱ्याच पोर्टलवर हे उत्तर बदलता येत नाही, म्हणून आधी नीट वाचा.

एलओआर म्हणजे हेच शिफारसपत्र. सरांचा विद्यापीठाचा ईमेल पत्ता द्या. आपल्याकडं बरेच प्राध्यापक खासगी जीमेलच वापरतात आणि काही पोर्टल त्यावर आडकाठी घेतात. अधिकृत पत्ता बंद पडला असेल तर संगणक विभागाकडून तो आत्ताच चालू करून घ्या, डिसेंबरात कुणाला वेळ नसतो. लिंक पुष्कळदा स्पॅममध्ये पडते. पाठवली त्याच दिवशी सरांना फोन करून तिथं बघायला सांगा.

बालाघाट_डोंगर

आर-वन आणि आर-टूचा घोळ असा की ती दोन वेगळी खाती आहेत आणि एकाच धाग्यात मिसळली आहेत. एमबीएवाले आर-वन म्हणतात तेव्हा अर्जाची पहिली फेरी, आर-टू म्हणजे दुसरी. जानेवारीची डेडलाइन ती. तुमच्या कामाचं आर-वन म्हणजे कार्नेगी वर्गीकरण, अमेरिकेतल्या विद्यापीठांची संशोधनावरून लावलेली प्रतवारी. २०२५ च्या नियमाप्रमाणं वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधनावर खर्च आणि किमान ७० संशोधन डॉक्टरेट असतील तर आर-वन. ५० लाख डॉलर आणि २० डॉक्टरेट असतील तर आर-टू. माप सगळ्या विद्यापीठाचं आहे. तिथला मृदाशास्त्र विभाग कसा, हे त्यातून कळत नाही.

तुम्ही बघायचा शब्द वेगळा आहे: लँड-ग्रँट. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं जमीन देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवायला जी विद्यापीठं उभी राहिली, ती. आयोवा स्टेट, कॅन्सस स्टेट, नेब्रास्का-लिंकन, परड्यू, टेक्सास ए अँड एम ही त्यातलीच. तुमच्या विषयाचे पीआय बहुतांश अशाच ठिकाणी सापडतील.

डब्ल्यूएल म्हणजे वेटलिस्ट, रेज म्हणजे नकार. १५ एप्रिल ही कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावातली तारीख. ठरावावर सही केलेल्या विद्यापीठानं आर्थिक मदतीसह जागा देऊ केली असेल, तर त्या तारखेआधी उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. सही केलेल्यांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. पैसे न देता नुसता प्रवेश देणाऱ्यांना हा ठराव लागू नाही, ते मार्चमध्येही डिपॉझिट मागू शकतात.

सोयाबीन_पट्टा

लै उपकार झाले सर्वांचे. हक्क वेव्हवाला रकाना भरला. आता ओजीपीएचं आणि नावाचं सांगा. ग्रुपवर एकानं ०.४ नं गुणायला सांगितलं, ३.१८ येतंय. आणि डब्ल्यूईएस करून ठेवू का?

काळी_रेगडी

गुणू नका. ७.९४, १० पैकी, असंच लिहा. स्केलची यादी उघडते त्यात १० निवडा. तिथं फक्त ४ च असेल तर कोऑर्डिनेटरला एक ओळीचा मेल टाकून विचारा. बऱ्याच ठिकाणी परदेशी अर्जदारानं तो रकाना रिकामा सोडावा असं सांगतात. गुणून लिहिलेला आकडा ट्रान्सक्रिप्टवर कुठंच नसतो, आणि पडताळणीत नेमका तोच खटकतो.

डब्ल्यूईएस ही गुणपत्रकांचं मूल्यमापन करणारी संस्था. विद्यापीठानं मागितलं तरच करा, बरीच विद्यापीठं ते काम स्वतः करतात. मागितलं तर 'कोर्स-बाय-कोर्स' घ्या, 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट'मध्ये विषयवार गुण आणि जीपीए येत नाही. ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातून चालत नाही, विद्यापीठाकडूनच गेलं पाहिजे.

आणि तुम्ही स्वतः जी लघुरूपं वापरायलात तीही बघा. ओजीपीए, रावे, जेआरएफ, एटीकेटी हे आयोवातल्या प्राध्यापकाला कळणार नाही. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. त्यात रावे असं नुसतं लिहिण्याऐवजी ग्रामीण कृषी कार्यानुभव, गाव कोणतं, किती आठवडे, किती शेतांतून मातीचे नमुने घेतले, किती खोलीवरून, असं लिहा. एखादा विषय एटीकेटीत राहिला असेल तर कोणत्या सत्रातला आणि कधी सुटला ते सरळ सांगा.

'ब्लॅक कॉटन सॉइल' हा शब्दही तिकडं चालत नाही. अमेरिकन वर्गीकरणात आपली रेगड म्हणजे व्हर्टिसोल. टेक्सासची राज्यमाती 'ह्यूस्टन ब्लॅक' हीसुद्धा व्हर्टिसोलच: उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यानं फुगते, ओली असताना नांगर धरत नाही. टेक्सासच्या प्राध्यापकाला लिहिताना तुम्ही परभणीची रेगड व्हर्टिसोल म्हणून सांगितली की त्यांच्या डोळ्यांपुढं लगेच माती येते.

गोदाकाठ

नावाचं: पासपोर्ट हाच आधार. गिव्हन नेममध्ये तुमचं आणि वडिलांचं नाव, सरनेममध्ये आडनाव असेल तर फॉर्म, जीआरई, आयईएलटीएस सगळीकडं तसंच. फॉर्मवर 'अदर नेम्स' किंवा 'नेम ऑन रेकॉर्ड्स' असा रकाना असतो, त्यात मार्कशीटवरचा क्रम टाका, आईचं नाव छापलेलं असेल तर तेही. हे केलं नाही तर गुणपत्रक तुमच्या अर्जाला जोडलंच जात नाही आणि स्टेटस 'अवेटिंग'वर अडकून राहतं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकेच्या कागदांत ते आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू येतं, फर्स्ट नेम अननोन. तसं असेल तर अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

पीआयला मेल कसं लिहायचं ते सांगतो. विषयात तीन गोष्टी: एमएस, कोणता फॉल, कोणता विषय. आत चार वाक्यं. पहिलं, त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला आणि त्यातली नेमकी कोणती गोष्ट धरली. दुसरं, तुम्ही काय मोजलंय आणि कोणत्या उपकरणानं. तिसरं, पुढच्या फॉलसाठी पैशासह एमएस विद्यार्थी घेणार का. चौथं, सीव्ही जोडलाय, दोन पानी. 'रिस्पेक्टेड सर' नको, डॉक्टर आणि आडनाव. ऑक्टोबरात आपल्या संध्याकाळी ७ ला पाठवलं तर नेब्रास्का-आयोवाकडं सकाळचे साडेआठ असतात. दहा-बारा दिवस उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण.

उत्तर आलं तरी ते वाचता आलं पाहिजे. 'प्लीज अप्लाय' एवढंच असेल तर तो होकार नाही. 'कंटिंजंट ऑन फंडिंग' म्हणजे प्रस्ताव पाठवलाय, पैसा अजून आलेला नाही; निकाल कधी लागणार हे विचारायला संकोच करू नका. झूमवर बोलायला बोलावलं तर मात्र तयारीला लागा.

सोयाबीन_पट्टा

हे सगळं छापून भिंतीवर लावतो. शेवटचं एक. पोर्टलवर 'रेकमेंडेड फॉर ॲडमिशन' दिसलं की झालं का?

बालाघाट_डोंगर

नाही. ती विभागाची शिफारस. प्रवेश ग्रॅज्युएट स्कूल देतं, त्यांचं पत्र येईपर्यंत दुसऱ्या जागा सोडू नका. पत्रानंतर आय-ट्वेंटी येतो, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म. त्यावर मदतीचा आकडा ऑफर लेटरशी जुळतो का ते पाहा, व्हिसा अधिकारी तोच बघतो. शेजारी विषयाचा सहा अंकी सीआयपी कोड असतो. तो स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर १२ महिन्यांच्या ओपीटीला, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायच्या परवानगीला, पुढं २४ महिने जोडता येतात. नंतर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकेची सरकारी यंत्रणा) फी ३५० डॉलर आणि डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, याच क्रमानं.

आणि डेडलाइन '११:५९ पीएम सेंट्रल' अशी असते. डिसेंबरात ते आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी ११:२९ होतं, ईस्टर्न लिहिलं असेल तर १०:२९. १ डिसेंबरची तारीख असली तर आपल्या घड्याळानं २ तारखेची सकाळ. बँकेचं कार्ड परदेशी व्यवहाराला चालू आहे का ते आठवडाभर आधी बघून ठेवा, फी भरताना तिथंच गाडी अडते.