ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं का?

तापीकाठ: मंडळी, रविवारी पहाटे चांगदेवला गेलो होतो. मंदिराच्या भिंतीवरची शिल्पं कोवळ्या उजेडात टिपायची होती. ट्रायपॉड पक्का रोवला, आयएसओ १००, एफ ११, ४ सेकंद, शिवाय २ सेकंदांचा टायमर. झाडाचं पान हलत नव्हतं. तरी घरी मोठं करून पाहिलं तर मूर्तीच्या बोटांना दुहेरी कड! ६ पैकी ४ फोटो तसेच. फोकस चुकला म्हणावं तर बाकीचे २ लख्ख कसे? लेन्स २८-१३५, जुनी, सेकंडहँड. स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) चालूच होतं. दुकानात दुरुस्ती सांगताहेत. पैसे घालण्याआधी विचारतोय.

धुळेकर: दुरुस्ती नको भाऊ, स्टॅबिलायझेशनचा स्विच बंद करा. लेन्समधले जायरो, म्हणजे हलणं ओळखणारे सेन्सर, हालचाल मोजतात आणि आतला काचेचा एक गट उलटा सरकवून ती भरून काढतात. ट्रायपॉडवर हालचालच नसते, पण जायरोचं माप शून्यावर ठरत नाही, हळूहळू भरकटतं. लेन्सला तीच हालचाल वाटते आणि ती काच सरकवत बसते. १/५०० सेकंदाला हे कळत नाही, ४ सेकंदांत फोटोत उतरतं. खात्री करायचीय? लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) १० पट मोठा करून शटर अर्धं दाबून धरा नि एखाद्या कडेकडे बघत राहा. चित्र संथ वाहताना दिसेल.

हतनूरचा पक्षीवाला: कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० आणली, बदलता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय असलेली ती पहिली. तिला ट्रायपॉड ओळखता येत नव्हता. १९९९ च्या मोठ्या टेलीफोटोंना येऊ लागला. म्हणून आपल्या लेन्सची पुस्तिका बघावीच. मी मात्र धरणावर बंद करत नाही. ५०० एमएम लेन्स गिंबलवर (जड लेन्स तोलून मोकळी फिरवणारं ट्रायपॉडचं हेड), हेड सैल, उडत्या पक्ष्यामागे फिरतं. तिथे स्टॅबिलायझेशनचा मोड २ लावतो: तो आडवं फिरणं सोडून देतो, वर-खालची थरथर तेवढी सांभाळतो.

तापीकाठ: आज पहाटे पुन्हा गेलो, स्विच बंद. तीच मूर्ती, तेच ४ सेकंद, सहाही फोटो लख्ख. बोटं वेगवेगळी मोजता येतात. धुळेकर, फार उपकार झाले. नंतर तापी-पूर्णेच्या संगमावर उतरून नावेचे फोटो कॅमेरा हातात धरून १/१५ सेकंदाला काढले, तेव्हा स्विच बंदच राहिला. ते सगळे हललेत. नावेसाठी येत्या रविवारी परत जातोय.