प्रतिसाद: खुनी पब म्हणजे फक्त ब्लाइंड बेगर नव्हे

वर लंडनमधल्या, खून घडलेल्या आणि आता नामशेष झालेल्या पबांबद्दल विचारलंय. ब्लाइंड बेगर पब आणि तिथे खून करणारे क्रे बंधू (लंडनचे १९६०च्या दशकातले कुख्यात गुंड) यांच्यावर बरंच आलंय, पण तो पब अजून चालू आहे. नामशेष झालेला हवा असेल तर पूर्व लंडनमधल्या वॉपिंगच्या न्यू ग्रॅव्हल लेनवरचा किंग्ज आर्म्स घ्या.

७ डिसेंबर १८११ला जवळच्याच रॅटक्लिफ हायवे या रस्त्यावर मार नावाच्या कापडवाल्याचं घरदार, तान्ह्या बाळासकट, कापून काढलं गेलं. बारा दिवसांनी किंग्ज आर्म्सची पाळी. मालक विल्यमसन, त्याची बायको आणि मोलकरीण, तिघंही गेले. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू टर्नर चादरींना गाठी मारून अर्धनग्न अवस्थेत खिडकीतून खाली उतरला, म्हणून बोंब तरी झाली. मालकाची नात मात्र आत झोपूनच होती, ती वाचली.

पकडला गेला जॉन विल्यम्स नावाचा खलाशी. खटला उभा राहण्याआधीच तो तुरुंगात गळफास घेतलेला सापडला. मग काय, सरकारने प्रेताचीच धिंड काढली आणि केबल स्ट्रीटच्या चौकात छातीत खुंटी ठोकून पुरलं! १८८६ला गॅसच्या खोदकामात सांगाडा वर आला. कवटी म्हणे चौकातल्या क्राउन अँड डॉल्फिन पबच्या मालकाकडे होती. आता तोही पब बंद.

मला विचाराल तर विल्यम्सला बळीचा बकरा केला. हत्यार म्हणून सापडलेल्या हातोड्यावर 'जे.पी.' कोरलेलं होतं. तो पीटरसन नावाच्या दुसऱ्याच खलाशाचा, विल्यम्स राहायचा त्या पेअर ट्री पबात ठेवलेला. तिथून तो कोणीही उचलू शकला असता.