स्टीम डेकवर विंडोज : आधी कार्डावरून चालवून पाहावे
स्टीम डेक या वॉल्व्ह कंपनीच्या हातात धरून खेळायच्या गेमिंग संगणकावरची मूळची स्टीमओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम पुसून थेट विंडोज टाकावे का, असे एकाने विचारले आहे. माझ्या मते घाई करू नये. डेक बंद असताना आवाज कमी करण्याचे बटण धरून ठेवून पॉवरचे बटण दाबले, की कशावरून सुरू व्हायचे याची यादी येते आणि तेथून मायक्रोएसडी कार्डावर तयार केलेले विंडोजही चालवता येते, अर्थात एसएसडीपेक्षा (डेकच्या आतल्या साठवणीपेक्षा) बरेच संथ. वॉल्व्हने दिलेले विंडोजसाठीचे ड्रायव्हर (डेकचे वायफायसारखे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) आधीच उतरवून ठेवावेत, कारण वायफायचा ड्रायव्हर नसेल तर बाकीचे उतरवायला इंटरनेटच मिळत नाही (मी नेमका इथेच अडकलो होतो). पडदा मुळात ८०० बाय १२८० असा उभा असल्याने सुरुवातीला चित्र आडवे पडलेले दिसते, त्याने बिचकू नये. एसएसडी पुसायचीच असेल, तर वॉल्व्हची रिकव्हरी इमेज (स्टीमओएस परत बसवण्याची फाइल) पेनड्राइव्हवर आधी तयार ठेवावी.