जुन्या बाथटबवरचा नवा लेप तळाशी सोलतो आहे. मदत हवी आहे

ओंजळ:
आमचा बाथटब जुना असला तरी चांगला ऐसपैस आहे. तो उखडायचा म्हणजे भोवतालच्या टाइल्सही फोडाव्या लागतील, म्हणून बदलण्याऐवजी कारागिराकडून त्यावर पांढरा लेप देऊन घेतला. कडा अजून चकचकीत आहेत. तळाशी मात्र पोपडे निघू लागले आहेत. आता पुन्हा लेप द्यायचा आहे, तर या वेळी पक्का टिकेल असा रंग कोणता, तेवढेच कृपया सांगावे. घरी पाहुणे येणार असल्याने उत्तर लवकर हवे आहे.

रेतीकागद:
टब कशाचा आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि त्याशिवाय रंगाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. टबच्या बाजूला लोहचुंबक लावून पाहा. तो चिकटला तर टब बिडाचा किंवा पत्र्याचा असून त्यावर एनॅमल आहे, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवून बसवलेली काच आहे. घरी दिला जाणारा लेप हा शेवटी बहुधा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा रंगच असतो आणि गुळगुळीत काचेवर रंग आपोआप धरत नाही. चुंबक न चिकटल्यास टब ॲक्रिलिकचा किंवा फायबरचा असेल. त्याची पूर्वतयारी वेगळी असते. शिवाय पोपडे पाणी वाहून जाण्याच्या जाळीजवळून सुरू झाले की मध्यभागी, हेही कळवावे.

जुने_ते_सोने:
माझ्या मते लेपाच्या भानगडीत पडूच नये. टबच्या मापाचे ॲक्रिलिकचे कवच बनवून आतून बसवून घ्यावे. आम्ही तसेच केले असून अद्याप काहीही तक्रार नाही.

रेतीकागद:
कवच जाळीपाशी नीट सीलबंद झाले नाही, तर टब आणि कवच यांच्यामध्ये पाणी शिरते. ते बाहेर निघायला वाट नसते, मग बुरशी आणि दुर्गंधी. मुळचा टब भक्कम असताना तो झाकून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही.

जुने_ते_सोने:
सीलबंद नीट केले नाही तर लेपही टिकत नाही. मग दोष कवचालाच का द्यावा?

अबोली:
लेपाचा विषय निघालाच आहे, तर सांगते की स्वयंपाकघरातील सिंकला असा लेप कधीही देऊ नये. गरम भांडी, सुरीचे टोक आणि रोजची घासाघीस यांपुढे तो टिकत नाही. सिंक स्टीलचे असेल तर रेषांच्या दिशेने बारीक पॉलिशपेपर फिरवून ते पुन्हा उजळवता येते.

ओंजळ:
सिंकविषयी मी काहीच विचारले नव्हते. चुंबक घट्ट चिकटतो. जाळीजवळ लेप शाबूत आहे. पोपडे मध्यभागी असून, विचित्र म्हणजे, नाण्याएवढे गोल आहेत आणि ओळीने निघाले आहेत. रंगाचे नाव अजूनही मिळालेले नाही.

निळाई:
ओळीने गोल पोपडे निघतात म्हटल्यावर एकच विचारते: टबमध्ये पाय घसरू नये म्हणून खाली चोषक (दाबले की चिकटून बसणाऱ्या लहान गोल वाट्या) असलेली रबरी चटई घातली होती का?

ओंजळ:
हो, सासूबाईंसाठी ती कायम अंथरलेलीच असते. तिचा रंगाशी काय संबंध?

निळाई:
पूर्ण संबंध आहे. प्रत्येक चोषक लेपाला चिकटून बसतो, त्याखाली पाणी अडकून राहते आणि चटई उचलताना लेप वर खेचला जातो. लेपाची पकड मुळात कच्ची असेल तर तो हमखास निघतो. म्हणून रंग कितीही भारी आणला तरी चोषकांची चटई वापरू नये. कारागिराने एनॅमलला चर देऊन (म्हणजे आम्लाने ते खरखरीत करून) किंवा सिलेनचा, म्हणजे काचेवर रंग धरून ठेवणाऱ्या रसायनाचा, थर लावून मगच लेप दिला होता का, हेही त्याला विचारावे.

जुने_ते_सोने:
आता जुना लेप काढायला रंग उतरवण्याचे रसायन टबमध्ये ओता, काही मिनिटांत साफ होईल.

रेतीकागद:
हा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. अशा रसायनात मिथिलीन क्लोराइड असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टबमध्येच साचते, आणि आपण नेमके त्यावरच वाकून काम करत असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबचे लेप उतरवताना १३ कारागीर याच रसायनाने दगावल्याची नोंद तेथील रोगनियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. बंद न्हाणीघरात साधा कापडी मुखवटा बांधून काही उपयोग होत नाही.

जुने_ते_सोने:
हे मला माहीत नव्हते. सल्ला मागे घेतो.

ओंजळ:
मग लेप काढायचा तरी कसा? आणि पाहुणे येईपर्यंत टब वापरता येईल का?

निळाई:
सुटलेला भाग प्लास्टिकच्या पातीने खरवडावा आणि उरलेला पाणी लावून पॉलिशपेपरने घासावा. जुन्या एनॅमलमध्ये शिसे असू शकते, त्यामुळे कोरडी घासाई करून धूळ उडवू नये. कडेचे सिलिकॉन पूर्ण काढावे, कारण त्याचा पुसटसा अंश राहिला तरी तिथे रंग धरत नाही. नळ ठिबकत असेल तर आधी वॉशर बदलावा. ओल्या जागी लेप बसत नाही. चर देण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल घरी हाताळण्याजोगे नाही, आणि पॉलियुरेथेनचा फवारा मारताना त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. म्हणून काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, मात्र वरील प्रश्न विचारूनच. लेप दिल्यावर त्याने सांगितलेली मुदत, साधारण एक ते तीन दिवस, टबला पाणी लावू नये. पाहुणे त्याआधी येत असतील तर काम पुढे ढकलावे. सासूबाईंसाठी नव्या लेपातच तळाला खरखरीत पट्टा करून मागावा आणि भिंतीत आधाराचा दांडा पक्का ठोकून घ्यावा.

ओंजळ:
कारागिराला आजच विचारते. तो चर देत नसेल, तर दुसरा शोधते. चटई काढून ठेवली आहे. दांडा बसेपर्यंत सासूबाई टबबाहेर स्टुलावर बसून आंघोळ करतील.