पीएचडी: आधी गाईड की आधी विद्यापीठ?

प्रयोगवही:
सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाली, नेट ही पात्रता परीक्षा निघाली आणि ज्या गाईडकडे जागा रिकामी होती तिथे मी नाव नोंदवलं. जागा रिकामी का, हे कुणाला विचारलं नाही. मला उसाच्या शेतातल्या मातीतले जिवाणू अभ्यासायचे होते. सरांचं सगळं काम कारखान्यांना लागणाऱ्या एन्झाइम्सवर. "आरआरसी (विषय मंजूर करणारी विद्यापीठाची समिती) होऊ दे, मग बघू" म्हणता म्हणता दोन वर्षं गेली आणि मी नोंदणी रद्द केली. सर वाईट नव्हते. माझा प्रश्न त्यांचा नव्हता, एवढंच.

म्हणून माझं मत ठाम आहे: आधी गाईड, विद्यापीठाचं नाव मागाहून. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. नोंदणी कधीची, पदवी कधीची, हे बरेचदा तिथेच कळतं. सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा, पण गाईड समोर नसताना. निवृत्तीचं वर्षही विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण ४ वर्षं उरलेले घेऊ शकतात, आणि पीएचडीची मुदत ६ वर्षांची आहे. निवृत्तीनंतर ते फक्त सहमार्गदर्शक राहतात.

घाटमाथा:
पटलं नाही. हे सगळं ज्याला थांबणं परवडतं त्याच्यासाठी आहे. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती नसेल तर नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष धरतात. प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४ विद्यार्थी, त्यातल्या बहुतेक जागा आधीच भरलेल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी आमच्या विषयाला दोन गाईड, त्यातल्या एकांकडे जागा. निवड कसली करायची? मी मिळालेला विषय घेतला, इतिहासातला, सुरुवातीला अजिबात न आवडलेला. तिसऱ्या वर्षी पुराभिलेखागारात मोडीतली कागदपत्रं लागली आणि तेव्हापासून तो विषय माझा झाला. जुळणं हे प्रवेशाआधी ठरत नाही, कामातून येतं.

खोडदची तबकडी:
दोघंही धरून चालला आहात की गाईड पहिल्या दिवशीच ठरवावा लागतो. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांत आधी कोर्सवर्क होतं, माणसं आणि विषय कळतात, मग गाईड ठरतो. मी दुर्बिणीच्या उपकरणांसाठी आले आणि आता पल्सार या प्रकारच्या ताऱ्यांवर काम करते. अशी पद्धत असेल तिथे संस्थाच आधी बघावी. एका गाईडच्या भरवशावर गेलात आणि ते दुसरीकडे निघून गेले, तर?

घाटमाथा:
ताई, अशा संस्था किती आणि त्यात मराठी, इतिहास, समाजशास्त्र शिकवणाऱ्या किती?

खोडदची तबकडी:
कमी आहेत, मान्य. मग विद्यापीठांकडे हीच मागणी करायला हवी. प्रवेश विभागात द्यावा, गाईड सहा महिन्यांनी.

प्रयोगवही:
घाटमाथा, तुमचा विषय तुमचा झाला कारण तुमच्या गाईडनी तुम्हाला त्या कागदपत्रांपर्यंत जाऊ दिलं. ते जाऊ देणारे आहेत की नाहीत, हेच तर आधी शोधायचं असतं. विषय वेगळा निघाला तर निभतं, मोकळीक नसली तर नाही. विषयावर मी वर जरा जास्तच भर दिला, हे मात्र खरं.

घाटमाथा:
मोकळीक, हे मान्य. माझ्या मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "तुला काय वाचायला आवडतं?" आज वाटतं, माझी मुलाखत तिथेच झाली होती, आणि त्यांचीही. तरी वर्ष वाया घालवून थांबा, असं मी कुणाला सांगणार नाही. जेआरएफचे महिना ३७,००० रुपये ज्याला मिळतात तो थांबू शकतो. माझ्याकडे तेव्हा तासिका तत्त्वावरचं मानधन होतं, तेही चार-चार महिने उशिरा.

प्रयोगवही:
मी यंदा पुन्हा अर्ज करते आहे. दोन गाईडच्या विद्यार्थिनींशी बोलणं झालं. एकीनं सांगितलं, पेपरवर पहिलं नाव तिचं असतं. दुसरी बोलायला विभागाबाहेर चहाच्या टपरीपर्यंत आली. अर्ज पहिलीच्या गाईडकडे करते आहे.